शेरा नाही

देवपूर, धुळे
२३ जून २०२४

प्रिय हिना,

या पत्रापाठोपाठ एक मुलगी पाठवते आहे. मंगळवारी बापाबरोबर एसटीने येईल. नाव दिपमाला, यंदा नववीत. तिचे वडील अभिमनभाऊ इथे यंत्रमागावर होते, तो कारखाना बंद पडला. त्यांना तुझ्या सासऱ्यांच्या डाळमिलमध्ये लावून घे म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते आणि तू चार दिवसांत काम केलंस. फार उपकार झाले. पण बाप जळगावला गेला की लेकही जाणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही बघ. एमएस्सी झालेल्या बाईची अक्कल! आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

तिला तुझ्याच शाळेत आणि तुझ्याच तुकडीत घे. पहिल्या बाकावर बसवू नकोस, ती गप्प होते. तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसव. प्रश्न विचारलास की लगेच उत्तर देत नाही, आधी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटते. त्या वेळी घाई करू नकोस. आणि हो, ती मी तुला दिलेली नाही, सांभाळायला ठेवली आहे.

नेहमीप्रमाणे एक पाठ लिहून पाठवते, त्यावर शेरे मार. बी.एड.ला आपल्या दोघींना एकमेकींच्या सरावपाठांचं निरीक्षण करायला दिलं होतं, त्याला चौदा वर्षं झाली आणि आपली खोड काही गेली नाही. नियम तोच. दिसलेली चूक झाकायची नाही. झाकली तर निरीक्षक बाद.

पाठ अणूच्या रचनेचा, मागच्या वर्षी आठवीला घेतलेला. पुस्तकातली वर्तुळं पाहून पोरं पेंगतात, म्हणून मैदानावर पंगत मांडली. मधोमध प्रोटॉन आणि न्यूट्रॉन झालेली पोरं एकमेकांना चिकटून उभी. भोवती इलेक्ट्रॉनच्या पंगती. पहिल्या पंगतीला दोनच पानं, दुसरीला आठ. आतली पंगत भरल्याशिवाय बाहेर कुणी बसायचं नाही. आम्ही सोडियम केला. अकरावा इलेक्ट्रॉन दिपमाला. ती तिसऱ्या पंगतीत एकटीच बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, मी आठे एकलीच शे, मी उठी जासू." मी टाळीच वाजवली. अगं, सोडियमही हेच करतो! बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन उठून जातो. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

अशी मुलगी आहे. नीट ठेव.

तुझी,
सारिका


जळगाव
१४ जुलै २०२४

प्रिय सारिका,

दिपमाला आली, माझ्या तुकडीत बसली. तिसरा बाक, खिडकीकडे, हुकूम पाळला आहे.

आधी शेरे. लाल शाई संपली आहे, गुलाबी चालवून घे. एक, पंगतीतली पोरं जागची हलत नाहीत, त्यामुळे इलेक्ट्रॉन मांडी घालून बसतो अशी समजूत होते. दोन, न्यूट्रॉन झालेल्या पोरांना तू काहीच काम दिलं नाहीस. ती नुसती उभी. न्यूट्रॉनवर तुझा पाठ नेहमी लंगडा पडतो, हे मी बी.एड.लाही लिहिलं होतं.

आता गंमत ऐक. परवा मी फळ्यावर मूलद्रव्यांचा तक्ता लावला होता. क्लोरीनपुढे अणुवस्तुमान साडेपस्तीस. दिपमालाने हात वर केला, थोडी पुटपुटली आणि म्हणाली, "प्रोटॉन सतरा. मंग अर्धा न्यूट्रॉन कोठे ठेवतस?" वर्ग फिदीफिदी हसला. निम्मे तिच्या बोलीला हसले, निम्मे प्रश्नाला. मी हसले नाही. मी खडू खाली ठेवला आणि तो अख्खा तास त्या अर्ध्या न्यूट्रॉनला दिला.

क्लोरीनचे अणू दोन तऱ्हेचे, हे सांगितलं. दोघांत प्रोटॉन सतराच, म्हणून दोघांचं नाव क्लोरीनच आणि वागणंही सारखं. फक्त एकात न्यूट्रॉन अठरा, दुसऱ्यात वीस. एकाच जागेवरचे दोन, म्हणून समस्थानिके. शंभर अणू उचलले तर साधारण पंच्याहत्तर हलके निघतात, पंचवीस जड. त्यांची सरासरी साडेपस्तीस. ती म्हणाली, "म्हणजे साडेपस्तीसचा अणू कुठेच नाही? मग पुस्तकात वजन लिहिलंय ते कुणाचं?"

सारिका, चौदा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरी आले तरी डोक्यातून जात नव्हतं. रात्रीच तुला फोन करणार होते, पण आमच्याकडचा फोन म्हणजे चावडी. सासूबाई धनकुंवरबाईंपासून धाकट्या जावेपर्यंत सगळ्यांचे कान त्याला. पत्र तेवढं माझं एकटीचं असतं.

तुझी,
हिना


देवपूर, धुळे
२८ जुलै २०२४

हिने,

शेरे मान्य. न्यूट्रॉनचाही मान्य. पण पुढचं वाचून माझ्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही, आणि आपल्यात झाकाझाक नको म्हणून सरळ लिहिते.

आठवीचे पहिले सहा महिने ही मुलगी माझ्या वर्गात तोंड उघडत नव्हती. हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. मी तिच्याशी अहिराणीत बोलले, तिच्या वहीच्या समासात छोटे छोटे प्रश्न लिहून ठेवले, डबा खाताना शेजारी बसले. डिसेंबरात कुठे पहिलं वाक्य आलं. नांगरणी मी केली, पेरणी मी केली, राखणीला मी बसले. आणि कणीस भरलं तेव्हा शेतात कोण उभं, तर हिनाबाई! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तो तक्ता माझ्याही वर्गात टांगलेला आहे गं. साडेपस्तीस तिथेही लिहिलेलं आहे. वर्षभर तिच्या डोळ्यांसमोर होतं. मग मला का नाही विचारलं तिने?

आई सध्या माझ्याकडे आहे. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं आणि मग तासभर भांडी आपटत होते. ती म्हणाली, "पोर तुनी नही, तिनी बी नही. मंग कसाले जयी राह्यनी?" आता तिला काय सांगू, म्हणूनच जळते आहे.

दिपमालाला माझा निरोप दे. म्हणावं, वही नीटनेटकी ठेव आणि सामाईक परीक्षेत गणिताकडे दुर्लक्ष करू नकोस. ती माझी आठवण काढते का? नको, सांगू नकोस.

सांग.

सारिका


जळगाव
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय सारिका,

उत्तराला उशीर झाला. पर्युषण, मग शाळेच्या परीक्षा, मग पेपर तपासणं.

तुझ्या पत्रातला तिच्यापुरता भाग मी दिपमालाला वाचून दाखवला. वही नीटनेटकी ठेवते म्हणाली. आठवण काढते, काढत नाही असं नाही. पण मुलं रमतात गं नव्या जागी. आता दर रविवारी आमच्याकडे येते. कांदा-लसूण नाही, तरी आवडीने जेवते आणि दिवस मावळायच्या आत आमच्यासारखीच हात धुऊन मोकळी होते. माझा कॉलेजातला पांढरा कोट तिला दिला. बाह्या तीनदा दुमडून घालते. परवा म्हणाली, "धुळ्याला रसायनशास्त्र पाठ व्हायचं, इथे कळतं." तुला वाईट वाटेल, पण आपल्यात झाकाझाक नको असं तूच लिहिलंस.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आहे, तिथे आमच्या शाळेतर्फे ती उभी राहणार. विषय समस्थानिके. कल्पना ऐक. एक मोठा काचेचा डबा. त्यात दोन तऱ्हेचे हरभरे, देशी आणि काबुली. देशी म्हणजे क्लोरीन-३५, काबुली म्हणजे क्लोरीन-३७. दोन्ही हरभरेच, एक हलका आणि एक जड. बघायला येणाऱ्याने मूठभर दाणे घ्यायचे, मोजायचे, तोलायचे, भागाकार करायचा. जी सरासरी येईल त्या वजनाचा एकही दाणा डब्यात सापडणार नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच हातून!

मिलमध्ये सासऱ्यांनी, आमच्या बाबूजींनी, आपला लहान काटा काढून दिला. मी आणि दिपमालाने पंच्याहत्तर ग्रॅम देशी तोलले, पंचवीस ग्रॅम काबुली तोलले, एकत्र कालवले. झाला आमचा क्लोरीन. बाबूजी म्हणाले, "बहू, अशी चोख भेसळ आमच्या धंद्यात चालत नाही!" सगळे हसलो.

आराखडा सोबत जोडला आहे. नीट बघ आणि शेरे मार. अर्ज पुढच्या महिन्यात जाईल. मार्गदर्शक शिक्षक या रकान्यात माझं नाव लिहिलं आहे, शाळेतल्याच शिक्षकाचं लागतं.

तुझी,
हिना


(न टाकलेलं पत्र)
धुळे, ६ ऑक्टोबर २०२४

हिना,

तुझ्या आराखड्यात चूक आहे. साधीसुधी नाही, सगळा डबाच चुकलेला आहे.

शंभरातले पंच्याहत्तर अणू हलके म्हणजे मोजून पंच्याहत्तर. तोलून नव्हे. तू डाळवाल्यांच्या घरात पडलीस आणि काट्याशिवाय काही सुचेनासं झालं तुला. काबुलीचा दाणा देशीच्या दुप्पट जड. पंच्याहत्तर ग्रॅम देशीत पावणेचारशे दाणे येतील आणि पंचवीस ग्रॅम काबुलीत जेमतेम साठ-बासष्ट. तिनास एक हवा होता, तुझ्या डब्यात सहास एक पडला आहे. खऱ्या क्लोरीनमध्ये पस्तीस आणि सदतीस ही वजनं जवळजवळची असल्यामुळे तोलून घेतलं तरी फरक नजरेत भरत नाही, म्हणून तुला आजवर कळलं नाही. हरभऱ्यात कळेल. पहिलाच जाणकार परीक्षक विचारेल, "हे तोलून घेतलंत की मोजून?" आणि मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत राहील.

हे सगळं मला आराखडा उघडल्यावर एका मिनिटात दिसलं. आणि दिसल्याबरोबर, हिना, मला आनंद झाला. खरं सांगते, खूप आनंद झाला. धुळ्याला पाठ व्हायचं, इथे कळतं म्हणे! घे, किती कळलं ते.

हे पत्र टाकायचं आहे. उद्या शाळेत जाताना टाकीन.


देवपूर, धुळे
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय हिना,

दसऱ्याचं सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.

आराखडा पाहिला. उत्तम आहे. शेरा नाही.

सारिका


जळगाव
१९ जानेवारी २०२५

प्रिय सारिका,

दिपमालाचा जिल्ह्यात पहिला नंबर आला. राज्यस्तरावर जाणार आहे. बातमी वर्तमानपत्रात आली, कात्रण सोबत पाठवते. कात्रण वाचलंस की तुला कळेल मी आठ दिवस पत्र का लिहिलं नाही ते.

पहिल्यापासून सांगते. ऑक्टोबरपासून दर रविवारी आम्ही डब्यातून मुठी काढून सराव करत होतो. एका दाण्याची सरासरी पाव ग्रॅम यायला हवी होती. येत होती कमी, कधी तेवीस शतांश, कधी बावीस. मी म्हटलं, काटा जुना आहे. बाबूजींनी नवा आणून दिला. तरी तेच. मग मी म्हटलं, दाणे वाळले असतील. डिसेंबरातल्या एका रविवारी मिलमध्ये गोण्यांच्या मागे बसून दिपमालाने अख्खा डबा मोजला. चारशे सदतीस दाणे. देशी तीनशे पंच्याहत्तर, काबुली बासष्ट. वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, आपण तोललं. अणू मोजायचे असतात."

चौदा वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे मी! माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "पण सारिकाने आराखडा पाहिला होता. तिने काहीच लिहिलं नाही."

त्यावर ती काय म्हणाली, ते जसंच्या तसं लिहिते. "धुळ्याच्या मॅडमना चूक दिसली नाही असं कधीच झालं नाही. त्यांनी मुद्दाम ठेवली असेल. मला सापडावी म्हणून." आणि तिचा चेहरा असा फुलला, सारिका, की माझ्याकडे बघताना तसा मी एकदाही पाहिलेला नाही.

डबा नव्याने भरला, तीनशे देशी आणि शंभर काबुली, मोजून. परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला, तोलून की मोजून. तिने आधीची चूक सांगितली, कशी सापडली ते सांगितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ही चूक माझ्या धुळ्याच्या मॅडमनी माझ्यासाठी ठेवली होती." परीक्षक थक्क झाले. असं शिकवणारे शिक्षक राहिले नाहीत म्हणाले. वार्ताहर शेजारीच उभा होता. कात्रणात बघ, दोन ओळी दिपमालावर, सहा ओळी तुझ्यावर. माझं नाव नाही.

तू जुलैत जळत होतीस, तेव्हा मला मनातून थोडी गंमत वाटली होती. आता माझी पाळी. सहा महिने रविवार माझे गेले, कोट माझा, घर माझं, काटा माझ्या सासऱ्यांचा. आणि तू दोन शब्द लिहिलेस, शेरा नाही, आणि मुलगी घेऊन गेलीस. मला झोप येत नाही, इतका जळफळाट होतो आहे. इतकी वर्षं आपण एकमेकींच्या चुका लिहिल्या, पण तू अशी शिक्षिका आहेस हे मला कधी दिसलं नव्हतं.

राज्यस्तरासाठी लेखी अहवाल द्यायचा आहे. त्यात तिने एक परिच्छेद तुझ्यावर लिहिला आहे, खाली तुझी सही हवी. सोबत पाठवते.

मुद्दामच ठेवली होतीस ना? एका ओळीत हो लिही, म्हणजे मी गप्प बसेन.

हिना


देवपूर, धुळे
२६ जानेवारी २०२५

हिना,

नाही.

सोबत सहा ऑक्टोबरचं पत्र ठेवलं आहे. ते मी लिहिलं, पाकिटात घातलं, वर तिकीट लावलं आणि टाकलं नाही. सात दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. शाळेच्या वाटेवर टपालपेटी आहे, तिच्यावरून रोज दोनदा गेले. मग ते कपाटात ठेवलं आणि तुला शेरा नाही असं कळवलं. वाचलंस की दिसेल, मला चूक कळली होती, ती कुणासाठी ठेवली नव्हती, आणि मला आनंद झाला होता.

मला तू पडायला हवी होतीस. परीक्षकांसमोर तुझी फजिती व्हावी आणि मुलीला कळावं की धुळ्याची बाई बरी होती. फक्त एक गोष्ट मी सोयीने विसरले, की तिथे तू उभी राहणार नव्हतीस, ती राहणार होती. तीन महिने मला हे रोज आठवायचं आणि रोज मी स्वतःला सांगायचे, अजून वेळ आहे, पुढच्या आठवड्यात लिहू. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. तेही नाही टाकलं. चूक पोरीनेच मोजून काढली म्हणून मी वाचले.

कात्रण आईने शेजारणीला दाखवलं. शाळेत मुख्याध्यापकांनी परिपाठाला मोठ्याने वाचलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी होते आणि हसत होते. जे मिळावं म्हणून सहा महिने जळले ते सगळं मिळालं, आणि आता घरात त्या कागदाकडे बघवत नाही.

सही केलेली नाही. अहवाल परत पाठवते.

पाकिटात दुसरं एक चिकटवलेलं पत्र आहे, दिपमालाच्या नावाचं. तिला दे. आधी तू वाचायचं ठरवलंस तर मला बोलायला तोंड नाही, पण नको वाचूस.

तू निरीक्षक म्हणून मला बाद केलंस तर ते बरोबर आहे. नियम आपणच केला होता.

सारिका


देवपूर, धुळे
२६ जानेवारी २०२५

प्रिय दिपमाला,

तुझं अभिनंदन. चारशे सदतीस दाणे मोजायला बसणारी विद्यार्थिनी मला चौदा वर्षांत दुसरी मिळाली नाही.

आता जे लिहिते ते तुला आवडणार नाही. डब्यातली चूक मला ऑक्टोबरमध्येच दिसली होती. ती मी तुला सापडावी म्हणून ठेवली नव्हती. हिना मॅडमचा मला हेवा वाटत होता. तू त्यांच्या वर्गात बोलतेस, त्यांच्या घरी जातेस, त्यांचा कोट घालतेस, हे मला सहन होत नव्हतं. म्हणून मी गप्प बसले. त्यामुळे सगळ्यांसमोर तुझी फजिती झाली असती, आणि ते मला माहीत होतं.

तू जिला माझी शिकवण समजलीस, ती नव्हती. ते सगळं तुझं एकटीचं आहे. अहवालातून माझ्यावरचा परिच्छेद काढून टाक.

मी मोठी आहे, शिक्षिका आहे, आणि मी तुझ्याशी वाईट वागले. मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते मागण्याची घाई मी करत नाही.

सारिका मॅडम


जळगाव
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सारिका मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हिना मॅडमनी मला न फोडता दिलं. त्यांचं पत्र त्यांनी शिक्षकखोलीत वाचलं. नंतर मला म्हणाल्या, तुझ्या धुळ्याच्या मॅडमना उत्तर लिहायला मला थोडे दिवस लागतील, तू आधी लिही.

मी पत्र गोण्यांच्या मागे बसून वाचलं. पहिल्यांदा मला खोटं वाटलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर रडू आलं. आता राग आला आहे. भाऊंना, म्हणजे वडिलांना, मी काही सांगितलं नाही, कारण ते कात्रण त्यांनी पाकिटात ठेवलं आहे आणि मिलमधल्या सगळ्यांना दाखवतात.

अहवालातला परिच्छेद मी काढला. त्या जागी, चूक आमच्याकडून झाली आणि मोजल्यावर सापडली, एवढंच लिहिलं. हिना मॅडमचं नावसुद्धा काढणार होते, कारण त्यांना तर चूक दिसलीच नव्हती. पण मार्गदर्शकाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही असं कळलं, म्हणून राहू दिलं. त्या हसल्या.

मॅडम, तुम्हाला हेवा वाटला ते मला समजलं, कारण मलाही वाटत होता. तुमचं पत्र यायचं ते हिना मॅडमच्या नावाने. लांबलचक असायचं, मला पाकिटाच्या जाडीवरून कळायचं. त्या त्यातल्या माझ्यापुरत्या दोन ओळी वाचून दाखवायच्या, वही नीट ठेव, गणिताकडे लक्ष दे, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या. मला वाटायचं, बाकीच्यात काय असेल? मी धुळ्याहून निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, पत्र लिहीन. मी वाट पाहत होते. म्हणूनच मी हिना मॅडमना म्हटलं होतं की धुळ्याला नुसतं पाठ व्हायचं. ते खरं नव्हतं. त्या तुम्हाला कळवतील आणि तुम्ही रागवायला तरी मला लिहाल, असं वाटलं होतं.

मग डब्यातली चूक सापडली तेव्हा मला वाटलं, ही मॅडमनी माझ्यासाठी ठेवली. जूनपासून तेवढंच माझ्यासाठी आलं असं वाटलं होतं. आता तेही नाही.

तुमचं हे पहिलं पत्र माझ्या नावाचं आहे. त्यात लिहिलेलं मला आवडलं नाही, पण ते माझं आहे म्हणून मी कुणाला दाखवलेलं नाही.

राग किती दिवस राहील मला सांगता येत नाही. तोपर्यंत तुम्ही लिहीत जा. मी उत्तर देईनच असं नाही. शाळेच्या पत्त्यावर पाठवू नका, हिना मॅडमच्याही नको. घरचा पत्ता खाली लिहिते आहे, पिनकोडसकट.

तुमची विद्यार्थिनी,
दिपमाला